गांजा तीन बादल्यांत धुतात, आणि आपली कोथिंबीर?

आधीच सांगतो, पोस्ट मोठी आहे. शीर्षक बघून जे खूश झाले त्यांनी पुढं सरकावं, त्यांच्या कामाचं इथं काही नाही. जे चिडले त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. बहुतेक प्रांतांत एका घराला चार झाडं लावायची मुभा. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन झाडं. आता हे घरी झाडं लावणारे लोक काढणी झाल्यावर काय करतात? धुतात. खोटं नाही सांगत. तीन बादल्या मांडतात. पहिल्या बादलीत पाणी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, नाहीतर खायचा सोडा आणि लिंबाचा रस. दुसरीत कोमट पाणी. तिसरीत स्वच्छ गार पाणी. फुलोरा असलेली फांदी देठाला धरून पहिलीत बुडवायची, हलकीच फिरवायची, मग दुसरीत, मग तिसरीत. झटकायची आणि पंखा लावलेल्या अंधाऱ्या खोलीत दोरीवर टांगायची. पहिल्या बादलीचं पाणी कसं गढूळ होतं, त्यात धूळ, किडे, केस, भुरीची पावडर कशी तरंगते, याचे फोटो एकमेकांना दाखवतात.

त्यावर त्यांच्यात भांडणंही आहेत. एक गट म्हणतो, धुतल्यानं नशेचा राळेसारखा भाग वाहून जातो. दुसरा म्हणतो, तो तेलकट असतो, पाण्यात विरघळतच नाही, वाहून जायचा प्रश्न कुठं येतो. तिसरा म्हणतो, ओला माल नीट वाळला नाही तर बुरशी चढते, त्यापेक्षा न धुतलेला बरा. भुरी काय, बोट्रायटिस काय, हे तर आपल्या द्राक्षवाल्यांच्या घरचे जुने पाहुणे. गंधक तेही मारतात, आपणही मारतो.

वाचताना आधी हसू आलं. नंतर हसू थांबलं.

कारण पुढची गोष्ट अशी. कॅनडात दुकानात जो गांजा विकला जातो, त्याची जानेवारी २०१९ पासून ९६ कीटकनाशकांसाठी आणि बुरशीनाशकांसाठी सक्तीनं तपासणी होते. ९६! तपासणीत नापास झालेला माल दुकानात जाऊ द्यायचा नाही, असा कायदा. हा नियम उगाच आलेला नाही. २०१६ च्या शेवटी आणि २०१७ च्या सुरुवातीला तिथल्या काही परवानाधारक उत्पादकांच्या औषधी गांज्यात मायक्लोब्युटानिल सापडलं. रुग्ण म्हणून ज्यांनी तो घेतला त्यांनी आरडाओरडा केला, माल परत मागवला गेला, सरकारला नियम करावा लागला. मायक्लोब्युटानिल जळलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड निघतो, म्हणून तिथं बोंब झाली.

हे नाव ओळखीचं वाटतंय का? आपल्याकडं भुरीसाठी द्राक्षावर, मिरचीवर ते नोंदणीकृत आहे. द्राक्ष कुणी चिलमीत भरत नाही, म्हणून तो सायनाइडचा धोका इथं नाही, आणि प्रमाणात, वेळेत मारलं तर कायद्यानंही चालतं. मी घाबरवायला हे सांगत नाही. सांगायचं एवढंच की, ज्या औषधावरून तिकडं गांजा परत मागवला गेला, ते औषध आपल्या बागेत किती राहिलं हे धाराशिवच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या एका तरी पेटीवर कुणी तपासून लिहिलेलं बघितलंय का?

तिकडच्या नशेखोराला जेवढी काळजी आहे आणि जेवढं सरकारी संरक्षण आहे, तेवढं इथं पोराच्या डब्यात भाजी देणाऱ्या बाईला नाही. हे वाक्य टोकाचं वाटत असेल तर खोडून दाखवा.

आता आपल्या गांज्याचं. तुरीच्या पट्ट्यात किंवा उसात गांजाची झाडं सापडली की दुसऱ्या दिवशी फोटो येतो. साहेब मध्ये, हिरव्या झाडांचा ढीग पुढं, खाली किलोत वजन आणि लाखात किंमत. कायदा १९८५ चा एनडीपीएस. त्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, शेंडे. नुसती पानं नाहीत, बिया नाहीत. पण वजन करताना मुळासकट, मातीसकट झाड काट्यावर. पानं, देठ, बिया सगळं एकत्र मोजलं म्हणून २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका प्रकरणात आरोपीला जामीन दिला होता. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मी गांज्याची बाजू घेत नाही. ज्या जिल्ह्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये तामलवाडीला एमडी पकडलं आणि धागा थेट तुळजापुरात गेला, तिथं नशेवर विनोद करायची हिंमत मला नाही. कितीतरी घरं त्यात होरपळली. कारवाई व्हायलाच पाहिजे.

पण बघा ना. ऑगस्ट २०२१ मध्ये शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला होता की, कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, गांज्याला मिळतो, तर मला दोन एकर लावायची परवानगी द्या. सगळीकडं बातमी झाली. लोक हसले, पोलिसांनी स्टंट म्हणून सोडून दिलं. त्या अर्जातलं दुःख खरं होतं, तेवढं कुणी वाचलं नाही. आणि तसं म्हणाल तर इंग्रजांच्या काळात आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात परवान्यावर गांजा पिकायचाच. १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगाच्या अहवालात त्याचं सगळं वर्णन आहे. तेव्हा धुणं सोडा, पायानं तुडवून चपटा करायचे. असो, विषय तो नाही.

विषय हा आहे की, एका झाडासाठी सरकारची एवढी नजर, काटा, पंचनामा, रासायनिक विश्लेषणाचा अहवाल, सगळं आहे. म्हणजे यंत्रणा आहे. झाडातलं रसायन शोधायची अक्कल आहे, प्रयोगशाळा आहे. फक्त ती आपल्या ताटाकडं वळत नाही.

"धुऊन खा ना मग!"

हे उत्तर मला दहा जणांनी दिलं. त्यात एक शेती पदवीधर आहे, एक डॉक्टर आहे. म्हणून धुण्याबद्दल जरा नीट बोलू, कारण धुण्यानं काहीच होत नाही असंही मी म्हणणार नाही.

धुण्यानं फरक पडतो. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याच्या कृषी संशोधन केंद्रानं २००० साली बारा औषधांवर प्रयोग केला होता. नळाच्या साध्या पाण्याखाली धुतल्यावर बारापैकी नऊ औषधांचे अंश कमी झाले. तीन हलले नाहीत. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदावर प्रयोग झाला. लिटरला दहा ग्रॅम खायचा सोडा, त्यात बारा ते पंधरा मिनिटं बुडवलं. एक औषध जवळपास ८० टक्के गेलं, दुसरं ९६ टक्के. गंमत म्हणजे हा तोच सोडा, जो गांजावाले पहिल्या बादलीत टाकतात. तेव्हा घरात सोडा असेल तर जरूर वापरा. एक लिटर पाण्याला सपाट दोन चमचे, पंधरा मिनिटं, आणि नंतर साध्या पाण्यानं दोनदा. बाजारात "भाजी धुण्याचं लिक्विड" म्हणून जी महागडी बाटली मिळते ती घ्यायची गरज नाही.

पण त्याच सफरचंदाच्या प्रयोगात पुढची ओळ आहे, ती कुणी सांगत नाही. जे औषध ८० टक्के गेलं त्यातलं उरलेलं २० टक्के सालीच्या आत शिरलं होतं. तिथं सोडा पोचत नाही, मीठ पोचत नाही, व्हिनेगर पोचत नाही, तुमची तळमळही पोचत नाही.

औषधं दोन जातीची. एक पानावर, फळावर बसणारी, म्हणजे स्पर्शजन्य. दुसरी झाडाच्या रसात शिरणारी, आंतरप्रवाही. मावा, तुडतुडे, फुलकिडे, भुरी यांच्यावर जी नावाजलेली औषधं आज दुकानात चालतात त्यातली कितीतरी दुसऱ्या जातीची आहेत. ती आत शिरतात म्हणूनच चालतात. पाऊस पडला तरी काम करतात, असं दुकानदार कौतुकानं सांगतो. अरे भावा, जे पावसानं धुतलं जात नाही ते माझ्या सिंकमध्ये कसं धुतलं जाईल?

याचा सगळ्यात मोठा धडा महाराष्ट्रातल्या द्राक्षवाल्यांनी २०१० साली घेतला. त्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, माल मातीमोल झाला, लोक कर्जात गेले. आता गंमत ऐका. सीसीसी हे काही किडीचं औषध नाही. खरड छाटणीनंतर शेंडा थांबवायला, घड निर्मितीसाठी ते मारायचे. म्हणजे मण्यावर फवारायचा प्रश्नच नाही, मणी तेव्हा असतच नाही. वेलीत साठलं आणि फळात उतरलं. धुऊन काय करणार होता? समुद्रात कंटेनर बुडवला असता तरी निघालं नसतं.

पण त्या फटक्यानंतर काय झालं ते महत्त्वाचं. निर्यातीच्या बागांवरची पकड घट्ट झाली. अपेडाचं ग्रेपनेट आहे. बाग नोंदवायची, फवारणीची वही ठेवायची, काढणीच्या आधी बागेतून नमुना घ्यायचा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायचा, पास झाला तरच पेटी बंदरावर. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथं देशाची संदर्भ प्रयोगशाळा आहे. कुठलं औषध मारल्यावर किती दिवस थांबायचं याची यादी ते दर हंगामाला काढतात. आपल्या तुळजापूर, धाराशिव तालुक्यातल्या हुशार बागायतदारांना ती तोंडपाठ आहे. मी स्वतः अशा वह्या बघितल्यात, तारखेसकट, पंपाच्या संख्येसकट. सलाम करावा अशी शिस्त आहे.

म्हणजे आपल्याला येतं. त्याच मातीत, त्याच माणसांना येतं. फक्त ते रॉटरडॅमच्या पोरांसाठी येतं.

निर्यातीचा नमुना नापास झाला की त्या मालाचं काय होतं? जाळतात का? पुरतात का? तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. तो लोकल मार्केटला येतो, नाहीतर बेदाण्याच्या शेडवर जातो. बेदाणा करताना घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे एक प्रकारे धुतातच. पण ते सालीवरचा मेणाचा थर उघडून मणी लवकर वाळावा म्हणून, औषध काढावं म्हणून नाही. उलट वाळल्यावर चार किलोचा एक किलो होतो. आत जे राहिलेलं असतं त्याचं काय होत असेल, हा हिशोब शाळकरी पोरगं पण मांडेल.

जाता जाता एक. द्राक्षावर जी पांढुरकी लव दिसते ना, तिला लोक औषध समजून घासघासून धुतात. ती बहुतेक वेळा फळाची स्वतःची असते, नैसर्गिक मेण. आपण दिसणारं पुसतो आणि न दिसणारं गिळतो.

द्राक्षाला निदान एक रॉटरडॅम आहे. कोथिंबिरीला कोण आहे? मेथीला, वांग्याला, हिरव्या मिरचीला, गवारीला? लातूरच्या कास्ती कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या कुंथलगिरीच्या खव्याला मिळालं, तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेला मिळालं. अभिमान आहे. पण मानांकन नावाचं रक्षण करतं, खाणाऱ्याचं नाही. जुडीवर नाव कुठलं आहे ते सांगतं, काल काय फवारलं ते सांगत नाही. कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं पीक. मावा पडला, भाव चढलाय, दोन दिवसांत गाडी लावायची आहे. अशा वेळी डब्यावर लिहिलेले थांबायचे दिवस कोण मोजतो?

आणि इथं कायदा काय म्हणतो तेही बघा. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा. त्याच्या कलम १८ च्या उपकलम ३ मध्ये स्पष्ट आहे की, शेतकरी, शेतीची कामं आणि पिकं यांना हा कायदा लागू नाही. मला ते बरोबर वाटतं. शेतकऱ्याच्या बांधावर अजून एक इन्स्पेक्टर नको, आहेत तेवढे पुरेत. पण माल शेतकऱ्याच्या हातातून सुटला, आडत्याच्या, व्यापाऱ्याच्या हातात गेला की तो कायद्याच्या भाषेत अन्न होतो. त्या क्षणापासून तपासायची जबाबदारी सुरू होते. तो क्षण कुठं येतो? बाजार समितीच्या यार्डात, पहाटे, लिलावाच्या वेळी. तिथं हमाली आहे, तोलाई आहे, आडत आहे, सेस आहे. सगळं मोजलं जातं. अंश मोजत नाहीत.

मर्यादा ठरलेल्या आहेत, त्याचं पुस्तक आहे. ज्या औषधाला मर्यादा ठरवलेली नाही त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅम, असा नियम होता. एप्रिल २०२४ मध्ये मसाल्यांसाठी आणि स्वयंपाकात वापरल्या जाणाऱ्या सुगंधी वनस्पतींसाठी ती दहापट करून ०.१ केली. त्यावर खूप चर्चा झाली, व्हायलाच पाहिजे होती. पण माझं म्हणणं वेगळं आहे. ०.०१ असो की ०.१, जिथं मोजणारच नाही तिथं आकडा कुठलाही लिहा की.

आता ज्यांचं बोट लगेच शेतकऱ्याकडं जातं त्यांच्याशी दोन शब्द. "घरासाठी वेगळा वाफा करतात, आम्हाला विष विकतात," हे वाक्य शहरातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतं. हो, वेगळा वाफा करतात. सगळे नाही, पण करतात. मला त्याचं समर्थन करायचं नाही. ज्यानं ते केलं त्याला आपण काय विकतोय ते कळतंय, आणि कळून विकणं वाईटच. पण त्याला विचारा, औषध कुणी सांगितलं? कृषी सहायक वर्षात किती वेळा बांधावर आला? औषध सांगतो तो कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. आणि तो दोन बुरशीनाशकं, एक कीटकनाशक, एक टॉनिक, एक "स्टिकर" असा पाच बाटल्यांचा कॉकटेल बांधून देतो, उधारीवर. पक्की पावती मागितली तर चेहरा बदलतो. एका दुकानात मला स्वतःला सांगितलं गेलं, "पावती पाहिजे तर औषध नाही मिळणार." पावती नाही म्हणजे बॅच नंबर नाही, म्हणजे पीक जळालं किंवा माणूस मेला तरी पुरावा नाही.

आणि आपण त्याला औषधच म्हणतो. बाटलीवर लाल त्रिकोण असतो, म्हणजे सगळ्यात जहाल. पिवळा, निळा, हिरवा अशी उतरती भाजणी. किती जणांना हे माहीत आहे? बाटलीसोबत घडी घातलेला कागद येतो, बारा भाषांत, मुंगीएवढ्या अक्षरात. त्यात काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. पंप पाठीवर घेतलेल्या माणसाला भिंग पण देता का सोबत?

मोनोक्रोटोफॉसचं उदाहरण घ्या. भाजीपाल्यावर त्याला २००५ पासून बंदी. तरी दुकानात कापसाच्या, सोयाबीनच्या नावावर मिळत राहिलं, आणि ज्याला पाहिजे त्यानं वांग्यावर मारलं. जुलै २०१३ मध्ये बिहारमध्ये शाळेतल्या दुपारच्या जेवणात ते गेलं आणि २३ लेकरं मेली. त्यानंतर दहा वर्षांनी, २०२३ ला, त्याच्या नेहमीच्या ३६ टक्क्यांच्या द्रावणावर बंदीची अधिसूचना निघाली, तीही आधीचा साठा विकायला मुदत देऊन. लेकरं मेल्यावर दहा वर्षं. गांजाच्या झाडाला कुणी मुदत देतं का, की हे एवढं विकून टाक मग बंद कर?

सगळ्यात आधी विष कुणाच्या अंगात जातं, तर फवारणाऱ्याच्या. २०१७ चा यवतमाळचा खरीप आठवा. कापूस उंच वाढला होता, अंगावर उडत होतं, वीसहून जास्त माणसं मेली, शेकडो दवाखान्यात. त्यातले बरेचसे रोजंदारीवर फवारणारे मजूर. त्यांच्या मालाला धुऊन खाता येतं, त्यांच्या फुप्फुसाला कुठल्या बादलीत धुवायचं? आपल्याकडं आजही सोयाबीनवर, तुरीवर फवारणारा गडी चप्पल घालून, तोंडाला रुमाल बांधून जातो. तो रुमाल औषधानं भिजतो आणि मग तोच दिवसभर नाकाला चिकटून राहतो. रुमाल नसता तर बरं झालं असतं.

म्हणून "धुऊन खा" या सल्ल्याचा मला राग आहे. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे, आणि सोयीचा आहे. विकणारी कंपनी सुटते, दुकानदार सुटतो, कृषी खातं सुटतं, अन्न व औषध प्रशासन सुटतं, बाजार समिती सुटते. सगळ्यांच्या साखळीचं शेवटचं टोक म्हणजे स्वयंपाकघरातली बाई, जबाबदारी तिच्यावर. तिनं पंधरा मिनिटं भिजवावं. उन्हाळ्यात ज्या जिल्ह्यात टँकरची वाट बघत घागरी रांगेत असतात, तिथं भाजी तीन पाण्यांनी धुवा म्हणणाऱ्यानं एकदा परंडा-भूमकडं एप्रिलमध्ये येऊन धुऊन दाखवावी.

आणि जे म्हणतील "सेंद्रिय घ्या", त्यांना नमस्कार. हायवेवर पाट्या वाढल्यात. प्रमाणपत्र विचारलं की पाटीवाला आपल्याकडं असं बघतो जणू आपण त्याच्या आईवर शंका घेतली. खरे प्रामाणिक सेंद्रियवाले आहेत, मी ओळखतो, त्यांचा माल मी घेतो. पण त्यांनाच सगळ्यात जास्त तपासणी हवी आहे, कारण त्यांची मेहनत पाटीवाल्यासोबत एकाच भावात मोजली जाते.

काही जण म्हणतील, तिकडं तपासणी आहे म्हणून सगळं चांगलं आहे का? नाही. कॅलिफोर्नियात गांज्याची ६६ कीटकनाशकांसाठी तपासणी सक्तीची आहे, तरी २०२४ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सनं दुकानातून माल घेऊन तपासला तर परवाना असलेल्या मालातही औषधं निघाली. प्रयोगशाळाच ग्राहकाला खूश करणारे अहवाल देत होत्या अशी तक्रार होती. म्हणजे कागद आला की प्रश्न सुटला असं नाही. पण तिथं वर्तमानपत्राला विचारता आलं की नियम आहे, मग हे कसं? आपल्याकडं विचारायला सुरुवात कुठून करायची तेच ठरलेलं नाही.

खर्चाचं रडगाणंही मला माहीत आहे. एक नमुना तपासायला हजारो रुपये लागतात, रोज किती तपासणार? रोज सगळं तपासा असं कोण म्हणतंय. यार्डातून आठवड्याला पाच-सहा नमुने उचला, कुठल्याही गाळ्यातून, न सांगता. निकाल यार्डाच्या फळ्यावर आणि मोबाइलवर लावा. शेतकऱ्याचं नाव नको, त्याला केस नको, दंड नको. पीक लिहा, औषध लिहा, किती निघालं लिहा. तीन महिन्यांत कळेल की कुठल्या भाजीत कुठलं औषध जास्त येतंय. मग त्या भाजीच्या गावात कृषी विज्ञान केंद्राचा माणूस पाठवा, तुळजापूरला केंद्र आहेच. ते औषध विकणाऱ्या दुकानाच्या पावत्या बघा. पकडायचं असेल तर तिथं पकडा. आणि ज्याचा माल स्वच्छ निघतो त्याला चार रुपये जास्त मिळायची सोय करा. द्राक्षवाला वही लिहितो ती देशभक्ती म्हणून लिहीत नाही, युरोपचा भाव मिळतो म्हणून लिहितो. कोथिंबिरीवाल्याला पण हिशोब कळतो.

आमचा जिल्हा आकांक्षित म्हणून २०१८ ला देशाच्या यादीत गेला. आकांक्षित म्हणजे मागासलेला, हे सभ्य भाषेत. त्यासाठी निधी येतो, सादरीकरणं होतात, कुपोषणाचे रकाने भरले जातात. अंगणवाडीतल्या लेकराला हिरवी पालेभाजी द्या असं तक्त्यावर लिहिलेलं असतं. द्या की. पण त्या पालेभाजीत काय आहे ते एकदा तरी बघा.

तर मी काय करतोय ते सांगतो. माहितीच्या अधिकारात दोन अर्ज लिहिलेत. एक अन्न व औषध प्रशासनाला: गेल्या तीन वर्षांत धाराशिव जिल्ह्यातून ताजी फळं आणि भाजीपाला यांचे किती नमुने कीटकनाशकांच्या अंशासाठी घेतले, तारीख आणि पीक, कुठल्या प्रयोगशाळेत पाठवले, किती मर्यादेबाहेर निघाले, आणि त्यावर कुणावर काय कारवाई केली. दुसरा जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना: गेल्या तीन वर्षांत किती कृषी सेवा केंद्रांची तपासणी झाली, पक्की पावती न देण्याबद्दल किती परवाने निलंबित झाले, आणि फवारणीच्या विषबाधेच्या किती नोंदी त्यांच्याकडं आहेत. सोमवारी दोन्ही पोस्टानं जातील. कायद्यानं ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

उत्तर जे येईल ते, शून्य आलं तरी, इथंच जसंच्या तसं टाकणार आहे. कळंब, उमरगा, वाशीकडच्या कुणाला असाच अर्ज आपल्या बाजार समितीला द्यायचा असेल तर मेसेज करा, मजकूर पाठवतो. आणि ज्यांच्याकडं औषधाच्या पक्क्या पावत्या आहेत त्यांनी जपून ठेवा. ज्यांच्याकडं नाहीत त्यांनी पुढच्या वेळी मागून बघा, आणि दुकानदार काय म्हणाला ते खाली लिहा. दुकानाचं नाव नको, फक्त तालुका आणि पीक लिहा.